आणे : कच्छच्या रबारी समाजातील भरतकाम आणि मुदत

१

गुजराती भाषेत ‘आणुं’ असा एक शब्द आहे. विवाह झाल्यावर काही काळ माहेरीच राहिलेल्या मुलीला सासरची मंडळी रीतसर आपल्या घरी घेऊन जातात. त्या प्रसंगाला हा शब्द लावतात. आणि त्या प्रसंगी मुलीबरोबर जी वस्त्रे, जे दागिने, जे सामानसुमान दिले जाते त्यालाही हाच शब्द लावतात. प्रसंग आणि सामग्री, काळ आणि वस्तू, या दोहोंना भाषेने एकच नाव दिले आहे. शब्दाची घडण मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. संस्कृत ‘आनयन’ याच्या मुळाशी जो धातू आहे, त्याच्याशीच मराठी ‘आणणे’ या क्रियापदाचे नाते आहे. उत्तरेत याच प्रसंगाला ‘गौना’ म्हणतात. तो शब्द ‘गमना’पासून आलेला. गौना हे जाणाऱ्या मुलीच्या बाजूने ठेवलेले नाव, तर आणे हे तिला नेणाऱ्या घराच्या बाजूने ठेवलेले. मराठीत मुलीला न्यावयास आलेल्या माणसाला ‘मुऱ्हाळी’ म्हणतात आणि त्याच्या येण्याला ‘मूळ’ म्हणतात. पण मूळ या शब्दात सामग्रीचा अर्थ शिरलेला नाही. गुजरातीत तो शिरला, आणि एका समाजाच्या बाबतीत या दोन अर्थांची अशी काही गाठ पडली की ती सोडविण्यासाठी अखेर समाजाच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसावे लागले.

हा समाज म्हणजे कच्छमधील ढेबरिया रबारी. आण्यात द्यावयाचे भरतकाम पुरे होत नाही म्हणून मुलींचे सासरी जाणे लांबणीवर पडू लागले, आणि १९९५ साली समाजाच्या प्रमुखांनी स्वतःच्या वापरासाठी हाताने भरतकाम करण्यावर बंदी घातली. हस्तकलांच्या इतिहासात ही घटना बहुधा एका कलेच्या अस्ताची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. परंतु तिचा दुसरा एक पैलू तितकाच महत्त्वाचा आहे. जे काम पुरे झाल्यावाचून ठरलेली तिथी येत नाही, त्या कामाला तिथीचा धाक उरत नाही. उलट तिथीच कामाची अंकित होते. ढेबरिया रबाऱ्यांचा निर्णय हा कलेविरुद्धचा निर्णय नसून, कामाच्या ताब्यात गेलेली तिथी सोडवून घेण्याचा प्रयत्न होता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

रबारी हा मूळचा पशुपालक समाज. राजस्थानात त्याला रायका या नावानेही ओळखतात. गुजरातेत कच्छ व सौराष्ट्र या प्रदेशांत त्याची वस्ती आहे. उंट, मेंढ्या व शेळ्या हे त्याचे परंपरागत धन. कच्छमध्ये त्याचे तीन मुख्य पोटविभाग आढळतात. पश्चिमेकडील ते कच्छी रबारी, पूर्वेकडील वागड भागातले ते वागडिया, आणि अंजारच्या परिसरातले ते ढेबरिया. तिन्ही विभागांच्या वेषात, दागिन्यांत आणि भरतकामात असा फरक असतो की जाणत्या माणसाला एखाद्या चोळीवरून ती घालणारी कोणत्या विभागातली हे ओळखता येते. भाषेच्या अभ्यासकाला बोलीच्या सीमा जशा उच्चारांवरून आखता येतात, तशा येथे त्या टाक्यांवरून आखता येतात.

रबारी स्त्रीचा परंपरागत वेष काळ्या रंगाचा. तिची लोकरीची ओढणी, जिला ‘लुडी’ म्हणतात, ती रबाऱ्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीपासून मेघवाळ विणकर विणीत आणि खत्री कारागीर तिच्यावर बांधणीचे ठिपके उठवीत. म्हणजे लुडी ही तीन समाजांच्या श्रमातून सिद्ध होणारी वस्तू होती. भरतकाम मात्र सर्वस्वी घरातल्या स्त्रियांचे. त्यासाठी कोणाला मजुरी देण्याचा किंवा कोणाकडे काम सोपविण्याचा प्रश्नच पूर्वी येत नसे. पुढे जो पेच निर्माण झाला त्याचे एक कारण येथे आहे : जे काम दुसऱ्याकडे देता येत नाही, त्याला लागणारा वेळ दुसऱ्याकडून उसना आणता येत नाही.

पुरुष कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात दूर जात. पुष्कळ कुटुंबांत स्त्रिया, मुले व वृद्ध गावी राहत. सुई, दोरा आणि कापडाचा तुकडा ही सामग्री कोठेही नेता येण्याजोगी, आणि कोणत्याही क्षणी खाली ठेवता येण्याजोगी असते. पाणी, दूध, मुले, जनावरे यांच्या कामांतून जो वेळ उरे, तो या कामाचा वेळ. त्याचे स्वरूपच असे की ते सतत थांबणारे आणि पुन्हा सुरू होणारे. अर्धे भरलेले कापड घडी करून ठेवलेले असणे ही अशा घरातली अपवादात्मक गोष्ट नव्हती. तीच त्याची नेहमीची अवस्था होती.

३

रबारी समाजात विवाह लहान वयात होत आणि ते गोकुळाष्टमीच्या दिवशी एकसमयावच्छेदेकरून लावण्याची प्रथा होती. भटकणाऱ्या समाजाला ही सोय साहजिकच आहे. श्रावणात पाऊस पडलेला असतो, चारा जवळपास मिळतो, माणसे गावी असतात. विवाहाची तिथी अशा रीतीने पंचांगाने ठरविलेली. कोणाच्या घरी तयारी झाली की नाही याचा विचार गोकुळाष्टमी करीत नाही.

आण्याचे तसे नव्हते. विवाह आणि आणे यांच्यामध्ये कित्येक वर्षांचे अंतर असे. मुलगी वयात येण्यासाठी जितका काळ लागे तितका तर तो असेच. पण याच काळात तिने आपले आणे सिद्ध करावयाचे असे. घागरे, पाठीवर उघडी असलेली चोळी, दारावरचे तोरण, लहानमोठ्या थैल्या, आणि ज्यात हे सर्व भरून न्यावयाचे तो मोठा ‘कोथळो’, हे सर्व भरतकामाने सजलेले असावे लागे. कोथळो हा शब्द मराठी कोथळा-कोथळी यांचा सख्खा भाऊ. मोठे पोते व लहान पिशवी असे त्यांचे अर्थ जुन्या मराठीत रूढ होते. आई, मावश्या, आत्या यांचा हात लागे; तरी मुलीची हुशारी, चिकाटी आणि घराचे वळण हे सारे सासरच्या माणसांनी त्या कोथळ्यातून पारखावयाचे असल्यामुळे मुख्य भार तिच्यावरच असे.

म्हणजे एकाच मुलीच्या आयुष्यात दोन प्रकारच्या तिथी होत्या. विवाहाची तिथी आकाशातल्या ग्रहांकडे पाहून ठरे, आण्याची तिथी कोथळ्याकडे पाहून. या भेदासाठी मराठीत दोन शब्द हाताशी आहेत. ‘मुहूर्त’ हा संस्कृत शब्द. दिवसाचा तिसावा भाग, म्हणजे ४८ मिनिटे, हा त्याचा मोजका अर्थ, आणि तो टळला की टळला. ‘मुदत’ हा अरबी ‘मुद्दत’पासून फारसीच्या वाटेने आलेला शब्द; त्याचा मूळ अर्थ काळाचा लांबट पट्टा असा आहे. मराठीत आपण ‘मुदत संपली’ असे म्हणतो तेव्हा त्या पट्ट्याचे टोक आपल्या मनात असते. पण ‘मुदत वाढवून द्या’ असेही म्हणतो, कारण पट्टा ताणता येतो. रबारी मुलीचा विवाह मुहूर्तावर होई. तिचे आणे मुदतीवर चाले.

४

हे काम किती वेळखाऊ होते याची कल्पना येण्यासाठी त्याची रीत पाहिली पाहिजे. रबारी भरतकामाचा कणा म्हणजे साखळी टाका. प्रथम आकृतीच्या बाह्यरेषा साखळी टाक्याने आखून घेतात. मग आरसे बसवितात. त्यांना ‘आभला’ म्हणतात. इतर समाजांच्या कामात आरसे बहुधा गोल असतात. रबारी कामात ते गोल, तसेच त्रिकोणी, चौकोनी, शंकरपाळ्याच्या व चोचीच्या आकाराचे असतात, आणि आकृतीत कोठे कोणत्या आकाराचा आरसा यावा याचे संकेत ठरलेले असतात. आरशाला छिद्र नसते. म्हणून त्याच्यावरून आडवे-उभे दोरे टाकून तो प्रथम जखडतात आणि मग त्या दोऱ्यांना पकडून कडेने टाके घालीत त्याची चौकट विणतात. यानंतर बाह्यरेषांच्या आतली जागा एकमेकांत गुंफलेल्या दाट टाक्यांनी भरतात. शिवणींवर बारीक बखिया घालतात. उंट, विंचू, पाणी आणणाऱ्या स्त्रिया, देऊळ, पोपट, झाड अशा आकृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. जुडी फ्रेटर यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थ्रेड्स ऑफ आयडेंटिटी’ या ग्रंथात या आकृतींचा आणि समाजाच्या आत्मभानाचा संबंध विस्ताराने मांडला आहे.

येथे आणखी एका शब्दाकडे लक्ष देणे इष्ट होईल. गुजरातीत या कलेला ‘भरत’ म्हणतात आणि मराठीत ‘भरतकाम’. दोन्ही शब्द ‘भरणे’ या क्रियेवरून आलेले. फारसीतून आलेला ‘कशिदा’ हा शब्द ओढण्याची क्रिया दाखवितो. त्यात दोरा ओढणारा हात दिसतो. ‘भरत’ या शब्दात मात्र रिकामे कापड दिसते आणि ते भरून काढण्याची प्रतिज्ञा दिसते. विणकामाला शेवट असतो. ताणा जितका लांब तितकेच वस्त्र. तो संपला की विणकराचे काम संपले. भरण्याच्या कामाला असा अंगचा शेवट नाही. दोन आकृतींमध्ये जागा राहिली तर तेथे तिसरी बसविता येते. तीन रंग पुरेसे असतील तेथे पाच वापरता येतात. विरळ टाका दाट करता येतो. चोळ्यांची संख्या वाढली नाही तरी प्रत्येक चोळीचे काम वाढू शकते. हे कापड पुरे झाले असे कापड स्वतः कधीच सांगत नाही; ते कोणीतरी बाहेरून सांगावे लागते.

५

जोपर्यंत समाजाचे जीवन कळपाच्या गतीने चालत होते, तोपर्यंत हे बाहेरून सांगण्याचे काम परिस्थितीच करीत होती. जे उंटावर लादून नेता येत नाही ते साठवून काय करावयाचे, ही मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती सैल झाली.

१९४७ साली सिंध पाकिस्तानात गेला आणि कच्छच्या उत्तरेकडील चराईचा प्रदेश तुटला. १९४८ साली कच्छ संस्थान भारतात प्रत्यक्ष केंद्राच्या कारभाराखाली आले. १९५६ च्या नोव्हेंबरात ते द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्यात गेले. त्या साडेतीन वर्षांत अंजारचे रबारी आणि कोल्हापूरचे धनगर एकाच राज्याचे प्रजाजन होते, ही गोष्ट आज सहसा आठवली जात नाही. या काळात कांडला बंदर आणि गांधीधाम शहर अंजारच्या शेजारीच उभे राहिले. शेती वाढली, गायराने आटली, वारंवार दुष्काळ पडले. कळप कमी झाले आणि पुष्कळ कुटुंबे एका जागी स्थिरावली. काहींनी मालवाहतुकीसारखे, काहींनी मजुरीचे मार्ग धरले. घरात रोकड पैसा आला. बाजारात गिरणीचे कापड, कृत्रिम धाग्याचे कापड, तयार रंगीत दोरे व कापलेले आरसे मिळू लागले. साहित्य मिळविण्याची अडचण दूर झाली की साहित्याची टंचाई हे कारण सांगून हात आखडता घेण्याची सोयही दूर होते.

याच सुमारास भरतकामाला बाजारभाव आला. १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ यांनी धाणेटी गावातल्या आहीर स्त्रियांना भरतकामातून उत्पन्न मिळवून देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातून पुढे ‘सृजन’ ही संस्था उभी राहिली. सरकारी विक्रीकेंद्रांनी आणि खाजगी व्यापाऱ्यांनीही कच्छची वाट धरली. जुन्या पेट्यांतली आण्याची वस्त्रे पुराणवस्तू म्हणून विकली जाऊ लागली. ज्या वस्त्राला कालपर्यंत फक्त मान होता, त्याला आता किंमतही आली. आणि किंमत कळल्यावर मागणी वाढणे क्रमप्राप्त होते. सासरच्या अपेक्षा फुगत गेल्या. एका घराने जितके दिले त्यापेक्षा थोडे अधिक पुढच्या घराने द्यावे, ही चढाओढ हुंड्याच्या सर्वच प्रकारांत दिसते. येथे ती टाक्यांत मोजली जाऊ लागली.

दुसरीकडे, हे टाके घालणाऱ्या हातांचा वेळ मात्र कमी होत होता. दुष्काळात मजुरीला जावे लागे. कोणी विक्रीसाठी भरतकाम करीत असेल तर त्याच बोटांनी आधी दुसऱ्याचे काम पुरे करावयाचे आणि मग आपले. परिणाम अपेक्षित तोच झाला. विशी उलटून गेली तरी मुली माहेरीच राहू लागल्या. विवाह झालेला, नवरा घर मांडून बसलेला, आणि आणे अडलेले; कारण कोथळा भरलेला नाही.

६

काम आणि तिथी यांचे संबंध दोन टोकांचे असू शकतात, हे दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून स्पष्ट होईल. २ जून १९५३ या दिवशी इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला. त्या समारंभातल्या जांभळ्या झग्यावरील जरीचे काम लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क या संस्थेतील १२ कारागीर स्त्रियांनी मार्च ते मे या अवधीत, ३,५०० हून अधिक तास खर्ची घालून पुरे केले. तिथी हलणे शक्य नव्हते. म्हणून हात वाढविले गेले. एका स्त्रीच्या वाट्याला सरासरी २९० हून काही अधिक तास आले. हेच काम एकटीने करावयाचे ठरते तर रोज आठ तास बसूनही सव्वा वर्ष लागले असते. येथे तिथी कापडाच्या बाहेर होती आणि कापडाला तिच्यापुढे वाकावे लागले.

दुसरे टोक होमरच्या ‘ओडिसी’त आहे. सासऱ्यासाठी, म्हणजे लाएर्तेससाठी, प्रेतवस्त्र विणून झाल्यावर आपण नव्या विवाहाचा निर्णय करू असे पेनेलोपी आपल्या मागणीदारांना सांगते. दिवसा विणावयाचे आणि रात्री उसवावयाचे, असा क्रम ती तीन वर्षे चालविते. चौथ्या वर्षी एका दासीने गुपित फोडल्यामुळे तिला ते वस्त्र पुरे करावे लागते. येथे तिथी कापडाच्या आत होती, आणि कापड जिच्या हाती तिच्याच हाती तिथी होती. विणकामाला अंगचा शेवट असल्यामुळे पेनेलोपीला रात्री उसवावे लागले. भरतकाम करणारीला तेवढेही करण्याचे कारण नाही. तिने नुसते अधिक भरावे, एवढ्याने काळ पुढे सरकतो.

महाराष्ट्रातल्या रुखवताशी तुलना केल्यास हाच भेद आणखी जवळून दिसेल. विवाहमंडपात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात खाद्यपदार्थांबरोबर मुलीच्या हातचे भरतकाम, विणकाम, मण्यांचे काम ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकात सर्वत्र पसरली. परंतु रुखवत अपुरे आहे म्हणून मुहूर्त पुढे ढकलला जात नाही. मुहूर्त अचल असल्याने रुखवतच लवचीक झाले. बहिणी, मैत्रिणी, शेजारणी यांनी हात दिला. जे झाले नाही ते विकत आणले, आणि आता तर संपूर्ण रुखवत बाजारात तयार मिळते. कलेच्या दृष्टीने त्यात हानी झाली असेल, पण त्यापायी कोणत्याही मुलीचे आयुष्य थांबून राहिले नाही.

रबारी आणे पेनेलोपीच्या वस्त्रासारखे होते. मात्र त्याला एक निराळी बाजू होती. माहेर हा मुलीच्या आयुष्यातला मोकळा काळ. सासरी गेल्यावर तिच्या श्रमावर सासरचा अधिकार. अपुरे भरतकाम हे तिच्या दृष्टीने ओझे होते तसेच ते आसराही होते. ते संपेपर्यंत तिला कोणी नेऊ शकत नव्हते. तिच्या आईच्या घरालाही तिच्या हातांचा उपयोग होता. म्हणून लांबलेल्या आण्याचे सारे खापर सासरच्या हावेवर फोडणे जितके एकांगी, तितकेच ते मुलींच्या दिरंगाईवर फोडणेही एकांगी ठरेल. सासरची मागणी, माहेरची माया आणि भरतकामाचा अंगभूत अनंतपणा ही तिन्ही कारणे एकाच दिशेने काम करीत होती, आणि उलट दिशेने ओढणारी तिथी कोठेच नव्हती.

७

१९९५ साली ढेबरिया रबारी समाजाच्या प्रमुखांनी घेतलेला निर्णय या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. आण्यासाठी आणि स्वतःच्या वापरासाठी हाताचे भरतकाम करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. भरतकामामुळे मुलींचे सासरी जाणे लांबते आणि कुटुंबांवर भार पडतो, हे कारण उघड होते. विक्रीसाठी मजुरीने केलेले काम या बंदीच्या कक्षेत नव्हते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण तीवरून दिसते की आक्षेप सुईवर नव्हता, टाक्यावर नव्हता, आकृतीवरही नव्हता. आक्षेप होता तो कोथळा आणि तिथी यांच्यातल्या गाठीवर.

मग समाजाने मर्यादा का घातली नाही? अमुक इतक्या चोळ्या, अमुक इतकी तोरणे, असे प्रमाण ठरवून देता आले नसते काय? या प्रश्नाचे उत्तर भरतकामाच्या स्वरूपातच आहे. दागिन्यांचे वजन करता येते, भांडी मोजता येतात, लाडू मोजता येतात. भरतकामाची संख्या मोजता येते पण दाटपणा मोजता येत नाही. दहा चोळ्यांची मर्यादा घातली असती तर चढाओढ अकराव्या चोळीकडून पहिल्या चोळीतल्या रिकाम्या जागेकडे वळली असती. मोजता न येणाऱ्या गोष्टीला मर्यादा घालण्याचा एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे ती गोष्ट हिशेबातून काढून टाकणे. उपाय कठोर होता. तो अविचारी मात्र नव्हता.

तथापि त्याची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. निर्णय घेणारे पुरुष होते आणि ज्या कामावर बंदी आली ते सर्वस्वी स्त्रियांचे होते. राज्याच्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १९२९ साली १४ वर्षे आणि १९७८ साली १८ वर्षे ठरविले. म्हणजे कायद्याने मुलीला काळ मिळवून देण्याचा प्रयत्न केला. समाजाच्या निर्णयाने आणे लवकर व्हावे अशी तजवीज केली. म्हणजे माहेरचा काळ आखूड केला. ज्या मुलीचा कोथळा खरोखरच ओझे झाला होता तिची सुटका झाली, आणि जिचा तो आसरा होता तिचा आसरा गेला. अनेकदा या दोन मुली म्हणजे एकच मुलगी असे. इतिहासलेखकाने यांपैकी एकीलाच पाहणे सोपे असते. निर्णयाचा अर्थ मात्र दोघींना एकत्र पाहिल्यावाचून लागत नाही.

८

बंदीनंतर जे घडले ते या प्रतिपादनाला बळ देणारे आहे. रबारी स्त्रियांनी हाताची सुई ठेवली, पण सजावट सोडली नाही. बाजारात मिळणाऱ्या नागमोडी फिती, जरीच्या कडा, गोंडे व तयार पट्ट्या आणून त्या शिवणयंत्राने कापडावर बसविण्याची एक नवी शैली त्यांनी घडविली. ‘हरी जरी’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. बंदीच्या शब्दांचा भंग नाही, कारण हाताचे भरत नाही; आणि रबारी वेषाची ओळखही कायम, कारण रंगांची जुळणी आणि मांडणी यांमागची दृष्टी तीच. पाबीबेन रबारी यांनी पुढे याच शैलीच्या पिशव्यांचा व्यवसाय उभारला आणि त्यांच्या नावाची पिशवी देशाबाहेरही पोहोचली.

या नव्या शैलीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिला शेवट आहे. फीत कडेपर्यंत गेली की ती संपते. यंत्र दिवसाकाठी जे काम उरकते त्याला हाताने महिने लागले असते. म्हणजे सजावट राहिली, तिची सामाजिक खूण राहिली. गेला तो फक्त अमर्याद काळ. काळ हीच या बंदीची खरी लक्ष्यवस्तू होती, असे म्हणण्यास हा सबळ पुरावा आहे. मर्यादा आली ती कापडाला नव्हे, त्यात शिरणाऱ्या वर्षांना.

जुन्या हस्तकामाची जबाबदारी दरम्यान इतरांनी उचलली. ‘कला रक्षा’ ही संस्था सुमरासर शेख येथे १९९३ सालीच स्थापन झाली होती. तिने जुन्या वस्त्रांचा संग्रह केला, आणि २००५ साली कारागिरांसाठी विद्यालय सुरू केले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अंजार, भचाऊ, भुज ही गावे उद्ध्वस्त झाली आणि जुन्या पेट्यांतले पुष्कळ काही नाहीसे झाले. २०१६ साली अजरखपूर येथे ‘सृजन’च्या प्रेरणेने हस्तकलांचे संग्रहालय उघडले. त्यामुळे आज रबारी भरतकामाचे उत्तम नमुने पाहावयाचे तर ते कोथळ्यात नव्हे, काचेच्या कपाटात पाहावे लागतात. आण्यासाठी न करता विक्रीसाठी केलेले काम ठरल्या दिवशी पुरे होते. कारण तेथे तिथी पुन्हा कापडाच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या हाती असते.

संग्रहालयांत ठेवलेली वस्त्रे स्वाभाविकपणेच पुरी झालेली असतात. वस्त्रांचा इतिहास बहुधा त्यांच्यावरूनच लिहिला जातो. त्यात आकृती येतात, टाके येतात, रंगांचे उगम येतात. ज्या कापडांत बाह्यरेषा आखली गेली पण आतली जागा भरली गेली नाही, जी १९९५ नंतर आण्यात देता येईनात म्हणून घडी करूनच राहिली, ती या इतिहासात सहसा येत नाहीत. परंतु कामाला किती काळ लागे, तो काळ कोणाचा होता, आणि तो कोणी कोणाकडून मागितला, हे प्रश्न विचारावयाचे असतील तर पुऱ्या झालेल्या चोळीपेक्षा अर्ध्या भरलेल्या चोळीची साक्ष अधिक मोलाची ठरेल. ‘आणे’ या शब्दाचे दोन अर्थ कोशात शेजारी शेजारी छापलेले असतात. त्यांच्या मध्ये एकेका मुलीची किती वर्षे गेली हे त्या कापडावरील टाक्यांत मोजता येते.